सत्तेचाळीस

येरळा बझार विट्यात, मायणी रस्त्याला.
आई नुसतं 'बझार' म्हणायची,
आणि शेवटपर्यंत वर्तमानकाळात.

दाराशी दिनकर भिंगारदेवे.
खाकी शर्ट, वरचं बटण निघालेलं.
चेअरमन असो की गलाईवाल्याची बायको,
वाक्य एकच: "पिशवी हितं ठेवायची."
ठेवली की पितळेचा बिल्ला,
मधोमध भोक, कडेनं सोसायटीचं नाव,
आकडा खिळ्यानं ठोकलेला.
पिशवीशिवाय आत गेल्यावर
आईच्या हातांना थोडा वेळ सुचायचं नाही,
मग ट्रॉली सापडायची.
तीनच होत्या.
एकीचं चाक काही केल्या पोह्यांकडंच ओढायचं,
म्हणून आमच्या घरी पोहे कायम जास्त.

गार हवा नव्हती. पंखे होते.
साबणचुरा आणि हिंग मिळून एक वास होता,
तो पुढं पुण्यातल्या कुठल्याही मॉलमध्ये
मला मिळाला नाही, आणि मी शोधलाय.
दिवाळीला केरळातून, तमिळनाडूतून गलाईवाले आले
की काजूची मांडणी दुपारपर्यंत रिकामी.
आम्ही पोरं त्यांच्या बिलांची लांबी मोजायचो, वितीनं.
वर उपहार विभाग:
चार टेबलं, सनमायका,
इडली, ती संपली की मिसळ.
तिथं पहिल्यांदा काट्याचमच्यानं इडली खाल्ली.
निम्मी उडून तारळेकरबाईंच्या पावतीपुस्तकावर पडली.
त्यांनी बोटानं पुसलं
आणि सांबाराच्या डागावरच आमचं बिल लिहिलं,
चौदा रुपये.

मग मार्चमधला एक मंगळवार.
बँकेची माणसं जीपमधून उतरली.
कुणी ओरडलं नाही. उलट पंखे बंद झाले,
त्यामुळं सगळ्यांना एकदम ऐकू यायला लागलं.
"मागच्या दारानं चला, मागच्या दारानं."
बझारला मागचं दार आहे
हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं.
रिकामी खोकी. त्यांत एक मांजर.
वळसा घालून पुढं येईतो शटर खाली,
लाखेचा गरम वास,
आणि भिंगारदेवे आपल्याच दाराबाहेर,
टोपी हातात धरून,
जणू त्यांचीच कुणी ठेवून घेणार होतं.
आईच्या मुठीत सत्तेचाळीस. पिशवी आत.
"मिळंल की वहिनी. सोमवारी या."
आई सोमवारी गेली.
पुढच्याही.

काय होतं पिशवीत?
त्या साली एक ब्लाउजपीस,
अस्तर मॅचिंग करायला घेतलेला.
दुसऱ्या साली त्यात वाचनालयाचं पुस्तक आलं.
मग बाबांचा चष्मा,
माझा दहावीचा फोटो,
मिरजेच्या मावशीचं न उघडलेलं पत्र,
दुधाच्या हिशेबाची वही.
घरात काहीही हरवलं
की आई कणीक मळतामळता म्हणायची,
"बझारात असंल. पिशवीत."
आणि आम्ही शोधणं थांबवायचो,
कारण ते सुरक्षित होतं.

बाबा गेले त्या वर्षी मात्र
तिनं पिशवीचं नाव काढलं नाही.
पिशवी तेवढी मोठी नव्हती.

आता तिथं मोबाईलचं दुकान,
वर अभ्यासिका: शांतता राखा, चप्पल बाहेर.
खांब तेच. पांढऱ्याखाली पोपटी आहे,
नखानं खरवडलं तर येतो.
परवा चार्जर घ्यायला गेलो
आणि आईच्या मसाल्याच्या डब्यात
लवंगांच्या तळाशी सापडलेला बिल्ला
काउंटरवर ठेवला.
का ठेवला, सांगता येणार नाही.
पोरानं उलटा केला, सुलटा केला,
वास घेतला.
"पार्किंगचं का काका?
गाडी मागं आसंल तुमची.
हितनंच जावा, मागच्या दारानं."

बिल्ला उचलला. गेलो.
रिकामी खोकी.
मांजर, दुसरं.