चावी

पहाटे साडेतीनला टेंभीपाड्याच्या नाक्यावर
मी लोखंडी झाकण उचलतो,
लांब चावी खाली सोडतो
आणि मोजून फिरवतो. बावीस फेरे.
एकदम उघडायचं नाही.
एकदम उघडलं की जुना पाइप कुठेतरी फुटतो
आणि शिव्या मला पडतात.
सत्तावीस वर्षं हे मला माहीत आहे.

तरी जुईलीला मी एकदम विचारलं होतं.
काय झालंय तुला? काय कमी केलं आम्ही?
शाळा का नको? बोल. बोल ना.
ती भिंतीकडे तोंड करून झोपली.
तिच्या आईने माझ्याकडे असं बघितलं
जसं बघतात पाणी न आलेल्या दिवशी.

नऊ आठवडे.
केसांच्या जटा झाल्या, ताटात भात वाळला.
बहीण म्हणाली, दृष्ट काढ.
मुकादम म्हणाला, मोबाइल काढून घे.
मी दोन्ही केलं.
मोहऱ्या तडतडल्या, पोर हलली नाही.

मग सायनची ओपीडी, केसपेपर,
बाकावर माझ्यासारखेच
आपापल्या चपलांकडे बघणारे बाप.
डॉक्टरीण लहानच होती वयाने.
म्हणाली, गोळी सुरू करू, दर गुरुवारी या,
आणि बाबा, तुम्ही प्रश्न कमी करा. जवळ बसा.

बसणं हे काम असतं
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून बसतो. ड्युटीवरून आलो की
तिच्या गादीच्या कडेला, मटार सोलत.
दुसऱ्याच दिवशी डोळा लागला, घोरलोसुद्धा.
तिसऱ्या गुरुवारनंतर कधीतरी ती म्हणाली,
"बाबा, सोलता कमी, खाता जास्त."
मी वर बघितलं नाही.
बघितलं तर बंद होईल, वाटलं.

परवा तिला झोप नव्हती. येतेस? म्हटलं.
माझा खाकी शर्ट चढवून आली.
कुत्री ओळखीची, भुंकली नाहीत.
तिने दोन्ही हातांनी चावी धरली. फिरेना.
हात लावायचा नाही असं ठरवलं होतं,
लावलाच थोडा.
पाच फेरे झाले, बस म्हणाली.
उरलेले सतरा मी फिरवले.

समोरच्या चाळीतल्या नळातून
आधी नुसती हवा आली, खोकल्यासारखी, बराच वेळ.
"बिघडलंय का?"
नाही गं, म्हटलं. असंच असतं आधी.

आज परत भिंतीकडे तोंड आहे.
मटार संपले.
मी गवार घेऊन बसलोय.