बाकी

आधार कार्डावर आई एक जून चोपन्नची.
शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली तारीख;
वर्गातल्या अकराजणी त्याच दिवशी जन्मल्या.

टिपणीस काका रिक्षातच मांडतात :
चोपन्न. त्याचा पाव साडेतेरा, अर्धा सोडा.
जूनचे चार, तारखेचा एक. बहात्तर.
सात दाहे सत्तर.
उरले दोन. "मंगळवार, वहिनी."

"छे! मी गुरुवारची.
सुईणीला भरल्या बाजारातून उठवून आणलं,
तिचे कांदे तसेच पडून राहिले."

काका पुन्हा बोटांची पेरं मोजतात.
दोन काही हलत नाहीत.
आईही.

रिक्षावाला मान वळवतो :
मंगळवार की गुरुवार, एकदा ठरवा.
मंगळवार असेल
तर नागझरीच्या अलीकडेच वळायला हवं.