डोळा राखून

सप्टेंबर. चिलोए बेटाची माती अजून गार.
जांभळे बटाटे कापत बसले आहे,
प्रत्येक फोडीला एक तरी डोळा राखून.
कापल्या अंगाला चुलीतली राख,
मग तीन दिवस सावलीत.
चौथ्या दिवशी जखमेवर साल धरते.
परवा अंगठ्यावर सुरी फिरली,
तिथंही धरू लागली आहे.

मिल्याराय शाळेतून आली. चिखलाचे बूट, तसेच आत.
"आई, आज सूक्ष्मदर्शकातून कांद्याचं मूळ पाहिलं."
राखेत बोट बुडवून तिनं फळीवर काढलं:
एक गोल, आत गुंता,
माझ्या चातीवरच्या लोकरीसारखा.
"आधी प्रत्येक धागा आपली जोड तयार करतो.
मग सगळे मधोमध रांगेत. मग ओढाओढ,
एक इकडे, एक तिकडे.
मधे भिंत. झाल्या दोन."
"आणि जुनी कुठं गेली?"
तिनं विचार करताना बोट चाटलं. राख! थू.
"जाते कुठं? पण उरतही नाही."

म्हणजे माझ्या आईनं लावला होता
त्या बटाट्याची ही लेक नव्हे,
तोच हा.

आमच्या घरी वाटणी झाली तेव्हा
कुंपण तीनदा सरकलं,
मामांचं बोलणं तुटलं ते तुटलंच,
गाय कोणाची यावर पाद्रीबाबांना बोलवावं लागलं.
इथं मातीखाली वाटून वाटून
कोणाचं काही कमी होत नाही.
भागाकार मांडायचा,
उत्तर गुणाकाराचं.

"पण माणसाचं असं नसतं," ती म्हणाली.
"म्हणजे वाढताना असतंच,
माझी उंची वाढली ती अशीच.
पण मूल व्हायचं तर धागे निम्मेच द्यायचे,
तेही आधी आपसात तुकडे बदलून,
पत्ते पिसतात तसे. शेहेचाळीसचे तेवीस."

तेवीस माझे.
तेवीस ओस्वाल्दोचे, तो सॅमनच्या बोटीवर गेला.
आमचं सूत जुळलं ते दोन हिवाळ्यांपुरतं.
तिनं त्याला पाहिलेलं नाही.
पण हसली की वरचा ओठ डावीकडे जातो तिचा,
आणि आमच्या घरात
असं कोणी हसत नाही.

मी चुलीत लाकूड सारलं, उगाचच.

"आई, या फोडीला दोन डोळे आहेत.
कापू अजून?"
सुरी तिच्या हातात.
"नको," म्हटलं, "ती राहू दे तशीच."