पिवळा ठिपका

कायानीत उणे एकोणीस.
शेडमध्ये दिवा एकच, बॉनेटला टांगलेला,
आणि मी पुठ्ठ्यावर उताणी
जुन्या व्होल्वोच्या पोटाखाली.

पाण्याचा पंप बदलायचा. पुस्तक म्हणतं, दोन तास.
पुस्तकातल्या फोटोतला हात स्वच्छ आहे,
नखंसुद्धा कापलेली.
मी काल सकाळी सुरुवात केली.
आज रविवार, आणि तीनलाच अंधार.

सहापैकी पाच बोल्ट निघाले.
सहावा इंजिनामागे, नजर पोचत नाही तिथे.
दुखरी दाढ जशी जिभेलाच ठाऊक,
तसा तो बोटांना.
तेल पाजलं. शेकलं. शिव्या दिल्या.
पाना सटकला, सालटं निघालं;
रक्त आणि ग्रीस, या उजेडात रंग एकच.

शेजारचा एइनो दारात येऊन उभा राहिला.
दहा मिनिटं काही बोलला नाही.
मग घरून लांब पाइप घेऊन आला,
पान्याच्या दांड्यावर चढवला,
आणि पुन्हा उभा.

"कोण मेला आवळून गेलाय एवढा!"
मी दात आवळून ओढलं.
कर्रर्र
आणि एकाएकी सैल,
रडून दमलेल्या पोरासारखा.

दिव्यापाशी नेला.
डोक्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका.

तो मीच लावते, आवळून झालं की,
लक्षात राहावं म्हणून.
नऊ वर्षं झाली. तुओमास गेला त्या हिवाळ्यात
पहिल्यांदाच एकटीने गाडी उघडली होती,
काही सुटू नये म्हणून
अजून एक पिळा.
अजून एक.

एइनोने ठिपका पाहिला.
"कॉफी?" म्हणाला.

नवा पंप अजून खोक्यातच आहे.