मागच्या तानपुऱ्यावर

दौलतगंजातल्या सभागृहात आज गर्दी बरी आहे.
पहिल्या रांगेत शाली, कानटोप्या, एक हीटर
आणि हीटरच्या अगदी लगत खोकणारे मोघेकाका.
मी बिंदुताईंच्या डाव्या खांद्यामागे,
दीड हातावर.
फोटोत नेहमी माझा अर्धाच चेहरा येतो.
उरलेला तानपुऱ्याच्या दांडीआड.

वहिनी म्हणते, वन्संना सतत माणसं लागतात.
तिनं मला पाहिलंय गजकच्या दुकानात,
गुळाची चांगली की साखरेची यावरून
मालकाशी पाऊण तास, त्याच्या सुनेशी वेगळा,
निघेपर्यंत सुनेचं माहेर, मालकाचा गुडघा, सगळं पाठ.
ऑफिसातला सक्सेना म्हणतो, मॅडम तो गूंगी हैं.
त्यानं मला पाहिलंय जेवणाच्या सुट्टीत
जिन्याखाली, जुन्या रजिस्टरांशेजारी
डबा मांडीवर घेतलेली.
तिथं कुणी विचारत नाही, आज भाजी कसली.
कधी भेटलेच दोघं, तर पैज लावतील माझ्यावरून
आणि पैसे कुणी कुणाला द्यायचे
ते ठरणार नाही.

मधलं बोट पंचमावर, मग तर्जनी तीनदा.
मधलं बोट पंचमावर.

दुपारी अल्ताफचाचा येऊन जवारी लावून गेले.
घोडीवर तारेखाली रेशमाचा दोरा.
जरा पुढं सरकला, तार मुकी.
जरा मागं, किरकिर.
मध्ये कुठंतरी केसाएवढ्या जागेत
ती एकदम उघडते, खोली भरते.
चाचांनी हात काढला. बस, यहीं. छूना मत.
मग स्वतःच म्हणाले,
रात को ठंड बढ़ेगी, तब फिर देखना पड़ेगा.

इथं बसायला मला आवडतं, हे घरी सांगितलेलं नाही.
दोनशे माणसांची तोंडं माझ्या दिशेला
आणि माझ्याकडे बघत कुणीच नाही.
मी मात्र बघते.
कोणी मोबाइल पालथा ठेवला, पुन्हा उचलला,
तिसऱ्या रांगेतली इंदूरकरांची सून
डोळे मिटून बसलीय, रागात की झोपेत.
घरी एकटी असते तेव्हा इतकी एकटी नसते मी,
लग्नाच्या पंगतीत इतकी माणसांत नसते.

बागेश्री. तिलवाडा, संथ.
मध्येच बिंदुताईंनी मान वळवली.
पाण्यासाठी असेल म्हणून मी फुलपात्र पुढं केलं.
त्यांनी नुसती भुवई उचलली. घे.
आणि मी घेतलं.
मध्यमावर टेकून धैवत, मग तो कोमल निषाद,
जिन्याखालच्या बाईचा आवाज,
रजिस्टरावरची धूळ अजून त्यावर असणार.
मोघेकाका खोकायचे थांबले.
एक आवर्तन. पुढचं त्यांनी मागितलं असतं
तर दिलं असतं मी, त्याच्या पुढचंही.
मागितलं नाही, तर सुटले असं वाटलं.
एकाच श्वासात दोन्ही.
बोटं आपली चालूच.

संपल्यावर आत चहा, कचोऱ्या, ओळखींवर ओळखी.
कुणी माझा हात धरला, अगं तू गातेस?
तीन माणसांपर्यंत छान वाटलं.
चौथ्याला हसून मी बाहेर पायऱ्यांवर आले.
धुकं. किल्ला दिसत नव्हता,
तिथं आहे एवढं माहीत होतं.
एक कुत्रं पोत्यावर. मी. टेम्पोचा लांबचा आवाज.
दहा मिनिटं फार बरं गेलं.
मग आतून हसण्याचा लोट आला
आणि मला कळेना, कोण काय बोललं असेल.
वळले, तर दारात मोघेकाका.
एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर.
"येताय की निघालात?"
"हो," म्हणाले मी.
ते सरकले नाहीत.
मफलर सोडला, पुन्हा बांधला.