वाद्या बदलताना

तोकुनागा पहिल्यांदा आला तेव्हा अठरा वर्षांचा होता.
दार उंच असूनही वाकून आत आला.
मिट काउंटरवर ठेवून म्हणाला,
"घट्ट करून द्या. संघानं घेतलंय मला. सहाव्या फेरीत."
मी विचारलं, सहावी म्हणजे वर की खाली?
तो हसला नाही.

मी चामड्याची बाई. खेळातलं मला कळत नाही.
तामात्सुकुरीच्या गल्लीत नवऱ्यामागे दुकान चालवते,
आरी, मेण, वाद्यांची भेंडोळी, घोड्याच्या चरबीचा डबा.
पण मिट उसवलं
की आत कोण राहत होतं ते दिसतं.

त्याच्या तळव्यात मधोमध खळगा पडलेला, बशीएवढा,
म्हणजे हात जागेवर होता.
अस्तरात मीठ, मियाझाकीची लाल माती,
आणि कडेला पांढऱ्या रंगाचे पोपडे.
नखांना लावायचा तो,
रात्रीच्या दिव्यांत पिचरला खुणा दिसाव्यात म्हणून.
एक बोट. दोन बोटं. मूठ.
"बायकोशीही असंच बोलतो मी," म्हणाला,
तेव्हा मात्र हसलो आम्ही.

मुख्य संघात अकरा सामने.
अकराव्यात, शेवटच्या डावात,
चेंडू त्याच्या गुडघ्यांखालून गेला
आणि मागच्या कुंपणापर्यंत घरंगळत राहिला.
त्या मोसमात मिट आलं ते अंगठ्याशी फाटलेलं.
वादीवर दातांच्या खुणा होत्या.
मी काही विचारलं नाही. नवी ओवली.

मग बाराव्या वर्षी त्याचा हुद्दा बदलला.
पाठीवरचा आकडा तीन अंकी झाला.
आता तो कुंपणापलीकडे उकिडवा बसायचा,
सामन्याआधी पिचरांचे हात गरम करून द्यायचा,
दिवसाला दोनशे चेंडू,
आणि सामना सुरू झाला की उठायचा.

"आवाज मोठा करून द्या," एवढंच मागणं.
"पिचरला वाटलं पाहिजे, आज हात चांगलाय."
मी तळव्याखालचं अस्तर तांदळाच्या दाण्याइतकं तासलं,
दोन वाद्या सैल, तिसरी ताठ.
तो मूठ मारून कान द्यायचा,
कलिंगड घेताना देतात तसा.
"अजून थोडं."
दरवर्षी अजून थोडं.
मी तासलेलं त्याच्या तर्जनीनं भरलं.
चाळिशीत ती जांभळी पडली होती,
चहाचा पेला तो उजव्या हातानंच उचलायचा.

हिमुरोची ती रात्र मी शेजारच्या तांदूळवाल्याकडे टीव्हीवर पाहिली.
एकाला हिट मिळू दिली नाही त्या पोरानं.
सगळे धावले, त्याला उचललं, भिजवलं.
चित्राच्या कडेला क्षणभर एक पाठ दिसली,
वाकून कागदी पेले गोळा करणारी.

दोन दिवसांनी आला. मी अभिनंदन केलं.
तो वादीचं टोक बोटाला गुंडाळत राहिला.
"त्या संध्याकाळी सरावात त्याचे चेंडू मेलेले होते, किनुए-सान.
एकसुद्धा धड नव्हता."
मग?
"मग काय. वाजवले."

गेल्या शरदात शेवटचा आला.
संघानं मनगटी घड्याळ दिलं होतं, आणि टॉवेलांचा खोका.
वाद्या बदलू का, विचारलं.
नको म्हणाला. पण गेला नाही.
"तुम्ही कधी फेकलाय का?"
त्रेसष्ट वर्षांची बाई मी, गुडघ्यांना पट्टे.
फडताळात एक जुना चेंडू होता, शिवण उसवलेला.

तो चपलांच्या फळीपाशी उकिडवा बसला.
गुडघे वाजले दोन्ही.
मी फेकला. कुठे फेकला कोण जाणे,
खिळ्यांच्या डब्याकडे गेला असणार,
पण मिट आधीच तिथे होतं.

तांदूळवाला अनवाणीच बाहेर आला.
"काय फुटलं?"
मी माझ्या उजव्या हाताकडे बघत होते.