सोळा

हिलोच्या मासळीबाजारात मी टूना कापतो.
एकतीस वर्षं. पहाटे तीन ते सकाळी अकरा.
हात बर्फातून बाहेर येतात तेव्हा
दहाच्या दहा बोटं आहेत ना, मोजून बघावं लागतं.

या हातांनी मी जानेवारीत ठरवलं:
नोव्हेंबरपर्यंत अख्खं गाणं.
भाऊ येणार आहे लास व्हेगासहून.
इथलं घरभाडं परवडेना म्हणून वाळवंटात गेला,
तिथं हॉटेलात चादरी मोजतो,
आणि फोनवर अजून त्याच पट्टीत गुणगुणतो.
त्याचा गळा ए-मध्येच मोकळा होतो.
ए आला की ई आलाच,
आणि युकुलेलेवरचा ई म्हणजे
एका बोटानं तीन तारा आडव्या दाबायच्या
आणि चौथी दुसऱ्या बोटानं, दोन पडदे मागे.

मार्चपर्यंत मी पहिल्याच ओळीत मुक्काम ठोकून होतो,
भाडं थकलेल्या भाडेकरूसारखा.

शेजारची कामालेई पंधरा वर्षांची.
कुंपणापलीकडून ऐकून ऐकून विटली असावी.
एक दिवस चपला दारात काढून आत आली.
म्हणाली, "अंकल, रोज पहिल्यापासून सुरू करता,
रोज त्याच जागी पडता.
पडायचाच सराव होतोय तुमचा."
म्हणाली, "जी-मध्ये वाजवा, सोपं जाईल."
मी नाही म्हटलं.
मग तिनं गाणंच काढून घेतलं माझ्याकडून.
फक्त ए-वरून ई, ई-वरून ए.
एक मिनिट.
स्वच्छ झालेले बदल तेवढेच मोजायचे,
खरखरला, मुका राहिला, तो धरायचा नाही.
आणि लिहून ठेवायचं.

मी लिहितो, बाजारातल्या वजनाच्या चिठ्ठ्यांवर.
पुढे माशाचं वजन, मागे माझं.
सात. आठ. सहा. नऊ.
नाकी नऊ म्हणतात ते हेच असावं.
पुन्हा सात.
मग तीन दिवस कोरे, अंगठा सुजला होता.
आणि एक दिवस कोरा, त्याला कारण काही नाही.

तिनं चिठ्ठ्या चाळल्या. आकड्यांबद्दल बोललीच नाही.
माझा अंगठा बघितला.
"मान एवढी का आवळता त्याची? पळून जाणारे का ते?"

मला हसूच फुटलं.
हेच तर मी बाजारातल्या नव्या पोरांना सांगतो:
सुरी दाबायची नाही रे. दाबली की मांस फाटतं,
भाव उतरतो.
पात्याला नुसती ओढ द्यायची.
एकतीस वर्षं हे सांगतोय
आणि घरी येऊन नायलॉनच्या चार तारा
लाकडाच्या आरपार न्यायला निघालोय.

त्या रात्री नुसतं बोट ठेवलं. मुकी.
जरासं जास्त. खरखर.
आणखी किंचित –
बोलली.
पपई पिकलीय का बघताना दाबतो ना,
त्याहून थोडंसंच अधिक.
पुढचा सगळा जोर इतके महिने फुकट गेला होता.

अकरा. बारा. दहा. चौदा.

आता ऑक्टोबर लागलाय. अख्खं गाणं होत नाही.
भावाला फोनवर सांगून टाकलं,
पहिलं कडवं होईल, तेही सावकाश,
जागोजागी थांबावं लागेल तुला माझ्यासाठी.
तो म्हणाला, इथं दिवसभर लिफ्टसाठी थांबतोच की.

आज जेवण झाल्यावर ओट्यावर बसलो,
घड्याळ लावलं.
सतरा झाले.
त्यातला एक, बारावा असेल, जरा घसटला होता.
कुणी ऐकलं नाही. कामालेई शाळेत होती.
कुंपणावर एक कोंबडा होता,
त्याला ए काय आणि ई काय.

खिशातली चिठ्ठी काढली.
पुढे: टूना, अठ्ठ्याऐंशी पाउंड.
उलटी केली,
पेन्सिलीनं लिहिलं
सोळा.